मक्याच्या शिवारातून मोटारसायकल संग्रहालयाकडे : आपले अनुभव

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील अ‍ॅनामोसा या लहानशा गावातले राष्ट्रीय मोटारसायकल संग्रहालय सप्टेंबर २०२३ मध्ये कायमचे बंद झाले आणि तिथल्या गाड्या लिलावात विकल्या गेल्या. आपल्यापैकी काही जण तंबू घेऊन, शेतांमधून मुक्काम करत तिथे जाऊन आलेले आहेत. संग्रह पांगला असला तरी तो पाहणाऱ्यांच्या आठवणी एकत्र राहाव्यात, असे मनापासून वाटते. गाड्यांबरोबरच वाटेवरची शेती, मुक्काम आणि सोबतची माणसे यांविषयीही लिहावे, ही विनंती.

शिकागोहून

बाबा वाळवे तालुक्यातून आमच्याकडे आले होते, तेव्हा जुलैत आम्ही त्यांना घेऊन निघालो. मिसिसिपी ओलांडल्यावर महामार्ग सोडून मुद्दाम खडीचे रस्ते धरले. १७८५ च्या जमीनमोजणी कायद्यानुसार इकडची जमीन मैलामैलाच्या चौकोनांत आखली गेली, त्यामुळे रस्ते सरळ जातात आणि एकमेकांना काटकोनात छेदतात. “विहिरी कुठं आहेत? पाट कुठं आहे?” असे बाबा सारखे विचारत होते. इथला बहुतेक मका पावसावरच येतो, उलट जमिनीतले जादा पाणी काढण्यासाठी शेताखाली निचऱ्याच्या नळ्या पुरलेल्या असतात, हे कळल्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि ओढ्याच्या काठावर अशा एका नळीचे तोंड शोधून काढले. त्यातून स्वच्छ पाण्याची धार पडत होती. कृष्णाकाठी पाण्याच्या अतिवापराने क्षारपड झालेल्या जमिनी त्यांनी पाहिलेल्या आहेत, त्यामुळे ती नळी ते बराच वेळ न्याहाळत राहिले.

संग्रहालयात ते सर्वांत जास्त रमले ते शंभर वर्षांपूर्वीच्या, पट्ट्यावर चालणाऱ्या गाड्यांपाशी. इंजिनाच्या पुलीवरून मागच्या चाकाकडे चामड्याचा पट्टा गेलेला असतो आणि तो ताणण्यासाठी हाताशी एक दांडा असतो. दांडा ओढला की पट्टा घट्ट होऊन चाक फिरते, ढिला सोडला की इंजिन नुसतेच चालत राहते. गुऱ्हाळावरचे ऑइल इंजिन वर्षानुवर्षे चालवलेल्या बाबांना हे कोणी समजावून सांगावे लागले नाही. “पट्टा भिजला की घसरणार,” ते लगेच म्हणाले. पावसात या गाड्यांची खरोखर तीच अडचण असे, आणि पुढे साखळीने पट्ट्याची जागा घेण्यामागे तेही एक कारण होते.

सीडर रॅपिड्सहून

अ‍ॅनामोसा आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे, तरीही आम्ही रात्री घरी न परतता वॉप्सिपिनिकन नदीकाठच्या राज्य उद्यानात तंबू ठोकत असू. चुनखडीचे कडे, नदी आणि पलीकडे लगेच शेते, असा तो परिसर आहे. संग्रहालय नसले तरी तिथे अवश्य जावे. भर वाढीतला मका दिवसाला एकरी सुमारे ११ ते १५ हजार लिटर पाणी हवेत सोडतो, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी तंबूचे कापड आतूनही ओले होते. जाळीची खिडकी रात्रभर उघडी ठेवावी. सरपण मात्र दुरून आणू नये, कारण अ‍ॅश झाडे पोखरणारा हिरवा भुंगेरा त्यातूनच पसरतो.

मिनियापोलिसहून

मी पुण्यात बुलेट चालवत असे. लाकडी फळ्यांच्या गोल मार्गांवर धावणाऱ्या, १९१० आणि १९२० च्या दशकांतल्या शर्यतीच्या गाड्या पाहताना मी सवयीने आधी पुढच्या आणि मग मागच्या चाकाकडे ब्रेक शोधू लागले. ब्रेक नव्हतेच! अशा गाड्या ताशी १६० किलोमीटरच्या पुढे जात, आणि अपघातात चालकांबरोबर प्रेक्षकही मरत. त्या चालकांच्या धाडसाचे कौतुक करताना आयोजकांच्या बेफिकिरीचा मला मनस्वी राग आला, आणि आजही तो कायम आहे.

मॅडिसनहून

आम्हाला अ‍ॅनामोसाचे संग्रहालय पाहायला मिळाले नाही. ज्यांची तीच चुटपुट आहे, त्यांनी मिलवॉकीचे २००८ मध्ये उघडलेले हार्ले-डेव्हिडसन संग्रहालय पाहावे. अ‍ॅनामोसाहून १५१ क्रमांकाचा रस्ता डुब्यूकमार्गे थेट मॅडिसनला येतो. डुब्यूकनंतर सपाटी संपते, टेकड्यांच्या वळणांप्रमाणे पेरलेले मका आणि लसूणघासाचे पट्टे दिसू लागतात, गोठे आणि चीजचे कारखाने येतात. मिलवॉकीत एक गंजलेली गाडी आवर्जून पाहावी. ती २०११ च्या त्सुनामीत जपानहून वाहत गेली आणि पुढच्या वर्षी कॅनडाच्या किनाऱ्यावर सापडली. ती दुरुस्त करून देण्याची तयारी कंपनीने दाखवली होती, परंतु मृतांची स्मृती म्हणून ती आहे तशीच ठेवावी, असे मालकाने सुचवले. तो निर्णय मला फार योग्य वाटतो. वाटेत मुक्कामासाठी ब्लू माउंड राज्य उद्यान सोयीचे आहे. उन्हाळ्यात शनिवार-रविवारची जागा मात्र पुष्कळ आधी राखून ठेवावी.