पीयूसीनंतर ग्राफिक डिझाइनची पदवी: चार वर्षांची आखणी कशी करावी?

प्रश्न: खानापूरची एक आई

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी वाणिज्य शाखेतून पीयूसीच्या (कर्नाटकातली अकरावी-बारावी) दुसऱ्या वर्षाला आहे. गणेशोत्सव मंडळाचे फलक आणि नात्यातल्या लग्नपत्रिका ती मोबाइलवर मन लावून तयार करते आणि आता तिला ग्राफिक डिझाइनमध्येच पदवी घ्यायची आहे. बीएफए (ललित कलेची पदवी) करावे की बी.डेस. (डिझाइनची पदवी), बेंगळुरूला पाठवावे की कोल्हापूर-मुंबईकडे, हे आम्हाला ठरवता येत नाही. सहा महिन्यांच्या संगणक कोर्सने हेच काम येते, मग चार वर्षे कशाला, असेही घरातले म्हणतात. लॅपटॉप आताच घ्यावा का?

उत्तर १: निपाणीकर (सध्या पुण्यात डिझायनर)

ताई, कोर्समध्ये सॉफ्टवेअर शिकवतात. पण कोणते अक्षर का निवडावे, कागदावर मोकळी जागा किती सोडावी आणि वाचणाऱ्याची नजर आधी कुठे जावी, हे समजायला वेळ लागतो आणि पदवीची चार वर्षे त्यासाठीच असतात.

वाणिज्य शाखेची अडचण मुळीच नाही. आयआयटी मुंबई घेत असलेली यूसीड ही बी.डेस.ची प्रवेशपरीक्षा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते, मात्र ती जानेवारीत, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर येते. शिवाय ती फक्त लागोपाठच्या दोन वर्षांतच देता येते, म्हणून तयारीविना केवळ अनुभवासाठी बसवू नका. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेशपरीक्षा वेगळी असते. बीएफए उपयोजित कलेसाठी (ग्राफिक डिझाइन याच शाखेत येते) मुंबईचे जे. जे. कला महाविद्यालय आणि बेंगळुरूची चित्रकला परिषद ही जुनी, नावाजलेली ठिकाणे आहेत. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रातल्या काही अभ्यासक्रमांत वेगळी तरतूद असते; हव्या त्या अभ्यासक्रमाची माहितीपुस्तिका त्या दृष्टीने नीट वाचा आणि रहिवासाचे व मातृभाषेचे दाखले आतापासून काढून ठेवा, कारण ऐन वेळी तहसील कार्यालयात फार धावपळ होते.

पहिले वर्ष बहुतेक ठिकाणी हाताने काम करण्याचे, म्हणजे रेखाटन, रंग आणि अक्षरलेखनाचे असते. लॅपटॉप दुसऱ्या वर्षी घेतला तरी चालेल.

उत्तर २: शहापूर, बेळगावचा छापखानेवाला

कॉलेज कोणतेही असो, तिथे लिपी आणि छपाई किती शिकवतात ते आधी विचारा, असे मी कळकळीने सांगेन. आपल्याकडे एकाच पत्रिकेवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी येते. देवनागरीला शिरोरेषा आहे, कन्नडला नाही. मराठी जोडाक्षर बहुधा आडवे जुळते, तर कन्नडमध्ये दुसरे व्यंजन ओत्तक्षर होऊन खाली उतरते, त्यामुळे दोन ओळींतले मराठीला पुरणारे अंतर कन्नडला अपुरे पडते. तीन वर्षांपूर्वी आमच्याच छापखान्यात एका घरच्या ५०० पत्रिका अशा छापल्या गेल्या की फॉन्ट बदलल्याने सगळी ओत्तक्षरे सुटून अक्षरांच्या शेजारी जाऊन बसली होती, आणि वराच्या आजोबांचे नावसुद्धा वाचता येत नव्हते. प्रूफ मी स्वतः पाहिले होते, पण मला कन्नड बोलता येते, वाचता नीट येत नाही. पत्रिका पुन्हा छापून दिल्या. आजोबांचा उतरलेला चेहरा मात्र अजून आठवतो.

तिन्ही लिप्या समजून मांडणारी मुलगी आपल्या भागाला हवी आहे. तिला कन्नड वाचता येत असेल तर पोर्टफोलिओत, म्हणजे मुलाखतीला न्यायच्या निवडक कामांच्या संग्रहात, ते ठळकपणे दाखवा. मोबाइलच्या पडद्यावर झगझगीत दिसणारा भगवा चार शायांच्या छपाईत तसा उतरत नाही आणि कापणीसाठी कडेला तीन मिलिमीटर जादा सोडावे लागतात, या गोष्टी यंत्राशेजारी उभे राहिल्यावर पक्क्या होतात. सुटीत तिला आमच्याकडे पाठवा.

उत्तर ३: निपाणीकर

दादांच्या म्हणण्याला जोडून एकच सांगतो. पोर्टफोलिओत केवळ पूर्ण झालेली कामे लावू नका. फसलेली रेखाटनेही तारखेसह वहीत जपून ठेवा. मुलाखतीत माझ्या सुबक फलकापेक्षा त्यामागच्या अकरा कच्च्या मांडण्यांवर जास्त वेळ बोलणे झाले होते.

खानापूरची एक आई

आपणा दोघांचे मनापासून आभार. तिला कन्नड लिहिता-वाचता येते, पण याचा इथे उपयोग होईल असे आम्हाला कधी वाटले नव्हते. काल ती खडेबाजारातल्या सात पाट्या वहीत उतरवून आली. दादा, बोर्डाची परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये तिला घेऊन आले तर चालेल का?

छापखानेवाला

अवश्य या. यंत्रावर प्लेट सकाळी चढते, म्हणून नऊच्या आत पोहोचा, आणि ती वही आठवणीने घेऊन या.