मदत हवी आहे: हलगीच्या गाण्यांचा बीपीएम चुकतोय

नमस्कार मंडळी, परभणीहून लिहितोय. वरातीसाठी हलगी-संबळाची जुनी गाणी लॅपटॉपवर घेतली, पण डीजे सॉफ्टवेअर बीपीएम (मिनिटाला किती ठोके) भलताच दाखवतंय. निम्मा किंवा दुप्पट आला तर एका बटणात भागतं, त्याचं काही नाही. खरी डोकेदुखी सहा मात्रांच्या ठेक्याची. हाताने टॅप केलं की ९६ येतो, सॉफ्टवेअर १४४ धरून बसतं, म्हणजे बरोब्बर दीडपट! त्यात ही रेकॉर्डिंगं क्लिकशिवाय (म्हणजे ठरावीक लयीची टिकटिक न लावता) वाजवलेली, कडव्यागणिक लय चढते. ग्रिड (सॉफ्टवेअरमधल्या ठोक्यांच्या खुणा) पहिल्या ठोक्यावर बसवली तरी दुसऱ्या कडव्यापर्यंत घसरते, आणि सिंक (दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं बटण) दाबला की नुसता गोंधळ. ॲनालिसिसची बीपीएम रेंज (सॉफ्टवेअर ज्या आकड्यांमध्ये बीपीएम शोधतं ती) कमी केली तर फरक पडेल का? की डायनॅमिक ग्रिड (लयीबरोबर बदलणारी) करून दर कडव्याला हाताने मार्कर लावायचे? एवढ्या गाण्यांना ते करत बसणं जिवावर येतंय राव. लगीनसराई तोंडावर आहे, कुणी केलं असेल तर सांगा.