पिनबॉल कॅबिनेट: टेबलाचे माप बदलावे की फक्त दृश्य?

प्रश्न

घरच्या कॅबिनेटमध्ये मी ४० इंची, १६:९ प्रमाणाची स्क्रीन उभी बसवली असून त्यावर व्हिज्युअल पिनबॉल एक्स (संगणकावर पिनबॉलची टेबले बनवण्याचा व खेळण्याचा प्रोग्रॅम) चालवतो. एक टेबल स्क्रीनवर नीट मावत नव्हते, म्हणून एडिटरमध्ये सगळे भाग निवडून त्याची लांबी मी सुमारे १५ टक्क्यांनी कमी केली. टेबल आता मावते, परंतु अगदी वरच्या वळणात बॉल अडकतो आणि रॅम्पवर (चढत्या वाटेवर) जाणारे फटकेही पूर्वीसारखे बसत नाहीत. हे कसे दुरुस्त करावे?

प्रतिसाद १

कृपया मूळ फाइल परत घ्या, कारण जे बदलायला नको होते तेच बदलले गेले आहे. या प्रणालीत बॉलचा व्यास ५० एकके, म्हणजे खऱ्या टेबलावरचा १ १/१६ इंच (सुमारे २७ मिलिमीटर) मानला जातो, आणि टेबल आखडले तरी बॉल तेवढाच राहतो. तुम्ही लांबी कमी केल्यावर उभ्या वाटांची रुंदी तशीच राहिली. पण तीच वाट वर जाऊन आडवी वळते तिथे तिची रुंदीही १५ टक्क्यांनी घटली, आणि बॉल नेमका तिथेच अडकतो आहे. फ्लिपरपासून (बॉल मारणाऱ्या दांड्यापासून) रॅम्पच्या तोंडापर्यंतचे अंतर आणि कोनही बदलले, मग फटके पूर्वीसारखे कसे बसतील?

मुळात अडचण प्रमाणाची आहे. अनेक खऱ्या टेबलांचे प्लेफील्ड (बॉल फिरतो तो पृष्ठभाग) २०.२५ × ४२ इंच असते, म्हणजे लांबी रुंदीच्या २.०७ पट, तुमची स्क्रीन मात्र सुमारे १९.६ × ३४.९ इंच, म्हणजे १.७८ पट आहे. हा फरक टेबलात नव्हे, तर कॅमेऱ्यात भरून काढायचा असतो. आधी इन्क्लिनेशनने नजरेचा कल ठरवा, कारण तिरक्या नजरेत लांबी आपोआप आखडते. मग टेबलाची वरची बाजू फार निमुळती दिसत असेल तर एफओव्ही (कॅमेऱ्याच्या दृश्याचा कोन) कमी करा, आणि एक्स व वाय स्केलला (दृश्याची रुंदी व लांबी ताणणाऱ्या आकड्यांना) सर्वांत शेवटी हात लावा.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. एक भर घालतो: प्रमाण तपासताना बॉलच्या गोलाईवर विसंबू नका, कारण ताण भरून काढणारा पर्याय सुरू असेल तर टेबल कितीही ताणलेले असले तरी बॉल गोलच दिसतो. त्याऐवजी बंपरची (बॉल उडवून लावणाऱ्या गोल खांबाची) टोपी पाहा. ती आडवी लंबगोल दिसू लागली की ताण जास्त झाला असे समजावे. माझ्या मते अशा वेळी दोन्ही कडांना थोडी काळी पट्टी राहिलेली केव्हाही बरी. रॅम्प अवाजवी उंच वाटत असतील, तर झेड स्केल (उंचीचे प्रमाण) थोडे उतरवा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मूळ फाइल परत घेऊन केवळ कॅमेऱ्याची मांडणी बदलली आणि दोन्ही कडांना साधारण बोटभर पट्टी राहू दिली. वरच्या वळणातून बॉल आता न अडता फिरतो आणि रॅम्पचे फटकेही पूर्ववत बसू लागले आहेत. इतर टेबलांना हीच मांडणी सरसकट लावावी का?

प्रतिसाद १

नको. काही टेबले ४६ इंच लांबीची असतात, त्यामुळे तेच आकडे तिथे जुळणार नाहीत. प्रत्येक टेबलाची मांडणी स्वतंत्रपणे जतन करा, म्हणजे मूळ टेबलाला धक्का लागणार नाही.