समुद्री गरुडासाठी परवडणारी झूम लेन्स : मदत हवी आहे

माझ्याकडे कॅनन १५००डी कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स आहे. कोकणातल्या आंजर्ल्याच्या खाडीकाठी सुरूच्या शेंड्यावर बसणारा समुद्री गरुड तिच्यातून तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो आणि फोटो कापून मोठा केला की पिसांचा नुसता राखाडी डाग उरतो. मित्राची ७५-३०० मिमी लेन्स आठवडाभर वापरून पाहिली. पण तिच्यात आयएस (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) नसल्याने ३०० मिमीवर, १/२५० सेकंदाला बहुतेक फोटो हलले, आणि शटरचा वेग १/१००० केला की पहाटेच्या उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२००च्या पुढे जाऊन ते दाणेदार झाले. ट्रायपॉड होडीत चालत नाही, ओल्या वाळूत रुततो.

खर्च १५ हजारांच्या आत बसवायचा आहे, म्हणून वापरलेली ५५-२५० मिमी आयएस एसटीएम (शांत फोकस मोटरची) लेन्स घ्यावी असे वाटते. उडत्या पक्ष्याची हालचाल आयएसने थांबत नाही हे ठाऊक आहे. मला बसलेलाच पक्षी टिपायचा आहे. खरी काळजी इथल्या खाऱ्या, दमट हवेची वाटते, कारण पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलांनाही बुरशी येते.

३००ऐवजी २५० मिमी घेतल्याने पल्ला फार कमी पडेल का, आणि वापरलेली लेन्स घेताना आतल्या काचेवरची बुरशी नेमकी कशी तपासावी?