अनुभव धागा: पैसे पडले का?

पूर्णाकाठची
सकाळी आत्याचा फोन. खुशाली वगैरे काही नाही, थेट "मेसेज आलाय, बघ बरं पडले का." फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपला टाकायला तिला नातवाने शिकवलंय. योजनेचे पैसे खात्यात पडले होते. "बरं ठेवते" म्हणून फोन बंद. आणि मी इकडे पुण्यात कुकर लावता लावता एकदम बारा-तेरा वर्षं मागे.

वडील गेल्यावर आईला संजय गांधी निराधारचे महिना ६०० मिळायचे. महिना नुसतं म्हणायला, यायचे तीन-चार महिन्यांचे एकदम. आम्ही हिंगोलीकडचे, थोडी कोरडवाहू, सोयाबीन आणि त्यात तुरीची तासं. सहाशेत घर चालत नव्हतंच. पण वडील गेल्यावर गावातल्या किराणावाल्याने उधारी बंद केली होती (तोही काय करणार, अख्खं गाव त्याच्या वहीत), ती निराधार मंजूर झाल्याचं कळल्यावर परत सुरू झाली. आमची पत तेवढीच होती, सरकारकडून येणारे सहाशे. तेल, चहापत्ती, कपड्याचा साबण, माझी परीक्षा फी असं सगळं त्या वहीवर ओढलं आईने. पैसे आले की बँकेतून आधी दुकानात, मग घरी. घरी यायचं ते बहुतेक वेळा रिकाम्या हाताने, पण चेहरा मोकळा.

एक गंमत. उत्पन्नाचा दाखला वर्षाला २१ हजारांच्या आतला लागायचा. दिवसाचे साधारण ५७ रुपये. आमच्या गावात सगळ्यांचं उत्पन्न अगदी बरोबर तेवढंच होतं :)

तुमच्याकडे असे थेट आलेले पैसे कशाला लागले, कुणी काढले, कुणी पळवले, लिहा. राजकारण नको, त्याला दुसरे धागे आहेत.

वऱ्हाडी ठेचा
राजकारण नको म्हनते अन् धागा पैशाचा काढते. पाहू किती टिकते. पहिला नंबर माहा.

शिरोळकर
२०१९ चा पूर. ऑगस्ट. आमच्यात पाणी माळवदापर्यंत. शाळेतनं परत आलो तर घरात चिखल आणि वास, भांडी कुठल्या कुठं. तवा पाच हजार रोख हातात दिले होते, ग्रामीणला दहा ठरले होते, उरलेले खात्यावर. लोक म्हणत होते पाच हजारात काय होतंय. काय होतंय? वहिनीनं पहिल्यांदा काय आणलं तर सगळ्यांना चपला. अनवाणीच होतो की सगळे. मग शेगडी, दोन पातेली, पोरांच्या वह्या. ट्रकनं कपडे एवढे आले होते की कुणी घेईना, पोत्यानं पडून. कुणाच्या ध्यानात चपला आल्या नाहीत. त्याला पैसेच पाहिजेत.
आणि जनावरांचं वेगळंच. म्हशीवर लिहायला बसलो तर दिवस जाईल.

माहेरवाशीण
@शिरोळकर चपलांचं वाचून गलबललं. लिहा हो म्हशीवर पण.

शिरोळकर
@माहेरवाशीण दूध काढून येतो, मग बघू.

बागायतदार
सगळं ठीक आहे, पण गावात आता खुरपणीला बाया मिळत नाहीत हे पण लिहा कुणीतरी. लाडक्या बहिणीचे पंधराशे आल्यापासून फोन उचलत नाहीत. फुकट पैशाने सवय लागते.

माहेरवाशीण
@बागायतदार दादा, आमच्याकडे खुरपणीचे अडीचशे-तीनशे देतात. पंधराशे म्हणजे पाच-सहा दिवसांची मजुरी. महिन्यात दिवस तीस. तेवढ्यावर काम सोडून बसलेली एक बाई दाखवा, मी तिची मुलाखत घेते. माझी जाऊ जाते की खुरपायला. फरक एवढाच पडलाय की ज्याच्या शेतात मजुरी दिवाळीपर्यंत लोंबकळत ठेवतात त्याच्याकडे जात नाही. आधी जावं लागायचं.
पोळ्या राहिल्यात, नंतर येते.

वऱ्हाडी ठेचा
@माहेरवाशीण हानला ना सिक्सर.
@पूर्णाकाठची पाहा, टिकलं नाही.

बागायतदार
मी कधी कुणाची मजुरी ठेवलेली नाही. सोयाबीन हमीभाव ४८९२ असताना बाजारात चार-सव्वाचार हजाराने घातली, ते कुणी बोलत नाही. भाव द्या, मग खात्यावर काही नको.

पूर्णाकाठची
@बागायतदार भावाचं शंभर टक्के खरं. पण आईच्या दोन-चार पोत्यांना भाव मिळून मिळून किती मिळणार? आणि आत्याला तर शेतच नाही.

खेड्यातला बँकमित्र
मी पैसे काढून देण्याचं मशीन चालवतो, गाव सांगत नाही. आमच्या दारात हे सगळं रोज दिसतं. पैसे पडायच्या आदल्या दिवशीपासून बाया विचारायला येतात. पडल्यावर सगळ्या एकदम काढतात असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नाही. कितीतरी जणी पाचशेच काढतात, बाकी "राहू दे तिथंच, घरी दिसले की संपतात." एक मावशी दर वेळी काढत काहीच नाहीत, फक्त किती झाले ते मोठ्याने वाचायला लावतात. कशाला जमवताय विचारलं तर सुनेच्या देखत बोलत नाहीत.
खरा त्रास अंगठ्याचा. आयुष्यभर कापूस वेचलेल्या, धुणीभांडी केलेल्या, ऊसतोडीच्या हातांना रेषाच राहत नाहीत. मशीन लाल दिवा दाखवतं. मग कोमट पाण्यात बोट, मग खोबरेल, मग पुसून, मग दुसरं बोट. करंगळीवर निघालेत पैसे कित्येकदा. ज्यांचं कशावरच निघत नाही त्या तालुक्याला जातात, मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं.
काही मशीनवाले हजाराला वीस-तीस कापतात. घ्यायचे नसतात. पावती मागा.

काजूबी
गोव्यातून, सत्तरी तालुका. आमच्याकडे गृह आधारचे १५०० आणि आजीला दयानंद सामाजिक सुरक्षाचे २०००. इथे पैसा हातात खेळतो तो काजूच्या दिवसांत, फेब्रुवारी ते मे. पुढे पाऊस चार महिने नुसता बघत बसायचा. त्यामुळे मे महिन्यात पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरायला हे पैसे राखून ठेवायचे असा आईचा नेम. सुकी मासळी, मिरची, कोकम, तांदूळ, कांद्याच्या माळा. हप्ता लांबला त्या वर्षी आई पुरुमेंताच्या बाजारातून नुसत्या मिरच्या घेऊन आली आणि बाबांना म्हणाली, यंदा तिखट खा.

वऱ्हाडी ठेचा
@काजूबी काजू म्हनलं अन् हुर्राकचा, काजूच्या दारूचा, एक शब्द नाही?

काजूबी
@वऱ्हाडी ठेचा तो धागा वेगळा काढा. त्यात पन्नास प्रतिसाद माझेच असतील.

यवतमाळची लेक
लिहू की नको करत होते. माझा चुलतभाऊ गेला, फवारणीचंच औषध घेऊन. शेतकरी आत्महत्येची मदत एक लाख असते, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून ठेवतात. पण आधी पात्र की अपात्र ते ठरते. सातबारा मोठ्या बाबाच्या नावावर, कर्ज सावकाराचं आणि त्या सावकाराकडे परवाना नाही. अपात्र. वहिनी तेविशीची, पोरगं कडेवर. तेराव्याचा खर्च पण उधारीवरच झाला होता.
पुढे तिला निराधार मिळालं, सहाशेच होते तेव्हा. ते पण सासरच्यांनी पासबुक ठेवून घेतलं. मग तिने माहेरच्या गावात नवीन खातं उघडून तिकडे वळवून घेतलं, कुणाला न सांगता. त्या दिवसापासून ती बदलली असं मला वाटते. शिलाई मशीन हप्त्याने घेतली. आता लाखभराचं काम नाही करत पण ब्लाउज छान शिवते. बस एवढंच.

माहेरवाशीण
@यवतमाळची लेक वहिनीला सांगा, नांदेडची एक बाई तिच्या पासबुकाच्या गोष्टीवर खूष आहे.

पूर्णाकाठची
@यवतमाळची लेक लिहिलंत ते फार बरं केलंत. पासबुकाचं आमच्या गल्लीतही होतं. किराणावाला ठेवून घ्यायचा, तारण म्हणून. आईने दिलं नाही, त्यावरून भांडण झालं होतं.

चाकरमानी
मी जुना माणूस, थोडं विषय सोडून. तुम्ही सरकारच्या पैशाचं बोलताय, आमच्या मालवणात सरकार म्हणजे परळची गिरण. बाबा तिथे, आम्ही आईबरोबर गावी. दर महिन्याला मनीऑर्डर. फॉर्मच्या खाली चार ओळींची जागा असायची, त्यात बाबा लिहायचे, छप्पर शाकारून घ्या, म्हातारीचं औषध चुकवू नका. पोस्टमन ते मोठ्याने वाचायचा, सगळ्या वाडीला कळायचं आमचं छप्पर गळतंय. १८ जानेवारी १९८२ ला संप लागला. पुढचे दोन-तीन महिने मुंबईकर मंडळींनी कशीबशी पाठवली, मग बंद. पोस्टमन आमच्या पाणंदीतून जायचाच, पण आमच्या बेड्याकडे (फाटकाकडे) मान वळवायचा नाही. त्या पावसात आम्ही नाचणीची पेज आणि कुळथाची पिठी यावर दिवस काढले. मोठ्या बहिणीची शाळा तिथे सुटली. रक्कम लहान होती हो, पण तारीख ठरलेली होती.
कुळथाची पिठी मात्र अजून आवडते.

काजूबी
@चाकरमानी पिठी म्हणजे पिठलंच ना, पातळ? आमसूल घालता का?

चाकरमानी
@काजूबी आमसूल पाहिजेच. आणि लसणीची फोडणी. गरम भात.

माहेरवाशीण
भूक लागली आता, छळू नका.

टाळेबंदीतला शिक्षक
जनधनचे पाचशे आठवतात का कुणाला? एप्रिल ते जून २०२०, महिलांच्या खात्यांवर. गर्दी नको म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस दिले होते. ० आणि १ वाले ३ एप्रिलला, २ आणि ३ वाले ४ ला, असं. आमच्या पाड्यावर खाते क्रमांक कुणाला पाठ? मी पासबुकं गोळा करून भिंतीवर खडूने वार लिहिले. तरी सगळ्या पहिल्याच दिवशी हजर. "उद्या मोदी पैसे परत घेईल" अशी अफवा होती. रेशनचा तांदूळ मिळत होता, पण मीठ, तेल, मिरची, काडेपेटी याला रोकडच लागते. वीटभट्टीवरून चालत आलेली कुटुंबं होती. पाचशेत आठवड्याचं कोरड्यास झालं एवढं नक्की.

इंदुरी पोहे
मध्य प्रदेशातून. 'सेवा' या कष्टकरी बायांच्या संघटनेने २०११ च्या सुमारास आमच्या इंदूर भागातल्या गावांत प्रयोग केला होता. प्रत्येक मोठ्या माणसाला महिना २०० आणि मुलामागे १००, अट काहीही नाही. दारूत जातील म्हणून सगळे टपून बसले होते. तसं काही निघालं नाही, उलट बियाणं, शेळ्या, औषधपाणी यात गेले आणि कामाचे दिवसही वाढले. @बागायतदार यांनी वाचावं असं आहे. भांडायला नाही, सहज म्हटलं.

बागायतदार
वाचतो. पण बटईने करणाऱ्याला पीएम किसानचा दमडा मिळत नाही हे पण लिहा. जमीन ज्याच्या नावावर तो पुण्यात फ्लॅटमध्ये, दोन हजाराचा हप्ता त्याला. राबणारा माझ्या बांधाशेजारी. ह्याला कोण काय म्हणतं?

वऱ्हाडी ठेचा
@बागायतदार हे मात्र पटलं भाऊ. माहा भाऊच तसा आहे, ठोक्यानं करते. नमो शेतकरी नाही, किसान नाही, नुकसानीचे कोरडवाहूला हेक्टरी ८५०० आले ते पन मालकाच्या खात्यात. मालक भला मानूस, अर्धे आनून दिले. नसते दिले तं काय करनार होतो?

अंबाजोगाईकर
मदत हवी. मागे लाडकी बहीणच्या केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागत होते तेव्हा काकूचं अडकलं होतं, दोघंही हयात नाहीत. ते मार्गी लागलं. आता आजीचं पीएम किसानचं केवायसी. अंगठा घेतच नाही. खोबरेल झालं, कोमट पाणी झालं.

खेड्यातला बँकमित्र
@अंबाजोगाईकर चेहऱ्याने होतं. पीएम किसानच्याच अ‍ॅपमध्ये. सोबत आधारचं चेहरा ओळखणारं अ‍ॅप टाकून घ्या. उजेडात बसवा, डोक्यावरचा पदर थोडा मागे, चष्मा काढा. पापण्या मिटा-उघडा सांगेल.

अंबाजोगाईकर
@खेड्यातला बँकमित्र धन्यवाद, करून बघतो.

अंबाजोगाईकर
आजी म्हणतेय, परक्या मशीनला डोळा मारायचं वय नाही माझं. पदर मागे घ्यायलाही तयार नाही. काकूला बोलावलंय.

शिरोळकर
आलो. म्हशीवर लिहू का आता?