मदत हवी आहे: सेकंड हँड डाऊन (मऊ पिसं भरलेलं) जॅकेट घेऊ की नको?

मास्टर्ससाठी परदेशात आलेय, पहिलाच हिवाळा आहे, तापमान उणे 10 पर्यंत जातं म्हणतात आणि माझ्याकडे आहे ते जॅकेट इतकं पातळ आहे की वारा सरळ आत शिरतो. नवीन चांगलं जॅकेट बजेटच्या पार बाहेर. आउटलेट पालथी घातली, माझ्या साइझचं काही उरलेलं नाही, आणि सीझन संपतानाच्या सेलची वाट बघत बसले तर थंडीच संपेल. थर्मल घेऊन झालेत, त्यामुळे प्रश्न फक्त वरच्या जॅकेटचा आहे.

चॅरिटी शॉपमध्ये दोन सापडलीत, किंमत जवळपास सारखीच. एक डाऊनचं, 600 फिल पॉवर (पिसं किती फुगतात त्याचं माप), एकदम हलकं, झिप मस्त चालते, पण खांद्यापाशी पिसांच्या गुठळ्या झाल्यात आणि उजेडासमोर धरलं तर पिसांचे दोन कप्पे चक्क रिकामे दिसतात. शिवण कुठे उसवलेली नाही, नीट बघितलं. दुसरं सिंथेटिक भरणीचं, जड आहे, पण भिजलं तरी ऊब बऱ्यापैकी टिकते म्हणतात आणि मला रोज 25 मिनिटं चालत जायचंय, रिमझिम असतेच.

ड्रायरमध्ये मंद आचेवर टेनिस बॉल टाकून फिरवलं की पिसं मोकळी होतात असं वाचलंय, हॉस्टेलला ड्रायर आहे. पण घेतलेलं परत करता येत नाही, म्हणून आधी विचारतेय. कोणी स्वतः करून बघितलंय का, रिकामे झालेले कप्पे याने खरंच परत भरतात की पिसं गळूनच गेलेली असतात?