मदत हवी आहे: १८५६च्या 'होरायझन' जहाजावरची प्रवासी पुढे कुठे गेली?

सुनेच्या माहेरची खापरपणजी. लँकेशायरची, गिरणीकामगार, तेव्हा १९ वर्षांची, अविवाहित. मॉर्मन (यूटात वसलेला अमेरिकी ख्रिस्ती पंथ) झाल्यावर २५ मे १८५६ला लिव्हरपूलहून 'होरायझन'ने निघाली, हे जहाजाच्या यादीत सापडलं. वय आणि गाव १८५१च्या जनगणनेशी जुळतं, त्यामुळे बाई तीच. १८६०च्या यूटा जनगणनेत मात्र त्या माहेरच्या नावाने कुणीच नाही. मधली चार वर्षं कोरी.

या जहाजावरचे बरेच जण आयोवा सिटीहून मार्टिनच्या हातगाडी तांड्यात (सामान हातगाड्यांवर ओढत पायी यूटाला जाणारा गट) गेले, पण सगळे नाही. काही बॉस्टनलाच थांबले, काही हंट किंवा हॉजेटच्या बैलगाड्यांबरोबर निघाले. तिन्ही तांड्यांच्या, मॉर्मन चर्चने ऑनलाइन ठेवलेल्या याद्या स्पेलिंग बदलून चाळल्या. या याद्या बऱ्याच अंशी नंतर जुळवलेल्या आहेत, त्यामुळे नाव नाही म्हणजे ती गेलीच नाही, असं धरता येत नाही. यूटाची १८५६ची जनगणना बनावट नावांनी फुगवलेली, म्हणून ती धरलीच नाही. चर्चच्या स्थलांतर निधीच्या (प्रवासासाठी कर्ज देणारा) थकबाकीदारांची १८७७ची छापील यादीही पाहिली. पण लग्नानंतरचं आडनाव ठाऊक नाही, तिथेच घोडं अडतं.

चर्चच्या मूळ नोंदी जिथे आहेत त्या सॉल्ट लेक सिटीला जाणं शक्य नाही, त्यामुळे घरबसल्या पाहता येईल असंच सुचवा. तिच्या इंग्लंडमधल्या शाखेच्या (स्थानिक मॉर्मन मंडळीच्या) सभासद-नोंदवहीत स्थलांतराचा शेरा मिळू शकेल का? आणि लग्नानंतरचं आडनाव शोधायला आधी काय उघडावं: यूटातल्या वॉर्डांच्या (स्थानिक मंडळ्यांच्या) नोंदी की एंडाउमेंट हाउसच्या (सॉल्ट लेक सिटीतली, लग्नासारखे धर्मविधी होत ती इमारत)?